'अप'वर एवढा राग का?

इंग्रजी ही बेशिस्त भाषा आहे हे सिद्ध करायचे असले की इंग्रजीच्या क्लासचे सर आणि मराठीचे कट्टर अभिमानी एकाच पुराव्याकडे बोट दाखवतात. एरवी या दोघांचे फारसे पटत नाही. तो पुरावा म्हणजे फ्रेझल व्हर्ब. मेक, टेक, गेट, पुट असे एखादे साधेसुधे क्रियापद घ्यायचे, त्याला अप, ऑफ, आउट असे शेपूट जोडायचे आणि अर्थ कसा भलतीकडेच जातो ते दाखवायचे. 'मेक अप' हा त्यांचा लाडका नमुना. नटी चेहरा रंगवते तो मेकअप. शाळा बुडवलेला मुलगा पोटदुखीची गोष्ट रचतो, तेही मेक अप. भांडलेले नवरा-बायको पुन्हा बोलायला लागतात, तेही मेक अप. उशिरा सुटलेली गाडी वेळ भरून काढते, तेही तेच, आणि बराच वेळ घोळ घालून एकदाचे काहीतरी ठरवले तर आपण आपले मन 'मेक अप' केले. मग ठरलेला प्रश्न येतो: याला काही तर्क आहे का? सर म्हणतात, नाही, म्हणून पाठ करा. अभिमानी म्हणतात, नाही, म्हणून आपली भाषा बरी. निष्कर्ष वेगवेगळे असले तरी दोघांचे गृहीतक एकच आहे, आणि ते चुकीचे आहे.

नमुना त्यांनीच निवडला आहे, तर तोच तपासू. सुरुवात मात्र नटीच्या आरशापासून नको, रसायनशास्त्राच्या प्रयोगशाळेपासून करू. बारावी सायन्स केलेल्या कोणालाही आठवेल. ठरावीक तीव्रतेचे द्रावण तयार करायचे तर मोजून घेतलेला पदार्थ आधी थोड्या पाण्यात विरघळवायचा, ते पाणी लांब मानेच्या चंबूत ओतायचे आणि मग मानेवरच्या खुणेपर्यंत डिस्टिल्ड वॉटर घालत जायचे. शेवटचे काही थेंब ड्रॉपरने. या शेवटच्या कामाला 'व्हॉल्यूम मेक अप करणे' म्हणतात. इथे 'अप' काय करतो ते डोळ्यांना दिसते: पातळी वर चढते, खुणेला टेकते, आणि जे कमी होते ते पुरे होते.

बॉयलरवर काम करणाऱ्यांकडे 'मेकअप वॉटर' असते. वाफेबरोबर आणि ब्लोडाउनमध्ये जेवढे पाणी गेले तेवढे पुन्हा भरायचे, ते हे पाणी. आता मनमाडला चाळीस मिनिटे उशिरा आलेली गाडी घ्या. वेळापत्रक आखतानाच शेवटच्या टप्प्यात थोडी मोकळी मिनिटे ठेवलेली असतात, त्यांच्या जोरावर ती तूट भरून काढते. पाण्याच्या जागी मिनिटे आली, एवढाच फरक. भांडणानंतरचे मेक अप यापासून किती लांब आहे? मध्ये पडलेले अंतर भरून निघते. ब्रिज खेळायला बसलेल्या तिघांना चौथा हवा असतो तेव्हाही इंग्रज माणूस हेच क्रियापद वापरतो. चौकडी पुरी करायची असते.

रचलेल्या गोष्टीकडे यायला वाट थोडी वेगळी आहे, पण फार वळणाची नाही. दोन हायड्रोजन आणि एक ऑक्सिजन मिळून पाण्याचा रेणू 'मेक अप' करतात, असे इंग्रजी पाठ्यपुस्तके सांगतात. सुटे भाग एकत्र आले आणि एक अख्खी वस्तू उभी राहिली. खिळे जुळवण्याच्या काळात छापखान्यात गॅलीतला मजकूर, मथळे आणि ब्लॉक चौकटीत बसवून पान उभे करायचे, त्यालाही मेकअपच म्हणत. औषधाच्या दुकानात चिठ्ठीप्रमाणे मिक्श्चर तयार करण्यालाही इंग्लंडात हाच शब्द. पोटदुखीची गोष्ट अशीच तयार होते: थोडी काल रात्रीची भजी, थोडी आजीची साक्ष, थोडा कण्हण्याचा आवाज. मराठीत आपण विटाही रचतो आणि कुभांडही रचतो, तेव्हा कोणी आपल्या भाषेला बेशिस्त म्हणत नाही. आणि नटाचे म्हणाल तर रंग, टोप, मिशी, भुवया हे सगळे जागच्या जागी बसले की भूमिकेतला माणूस पुरा होतो. रंगभूमीवरचा हा शब्द पुढे घरोघरच्या आरशापुढे आला आणि त्यात फक्त पावडर-लिपस्टिक उरले. म्हणून तो आज इतर अर्थांपासून तुटल्यासारखा वाटतो.

तेव्हा पाच नमुने पाच दिशांना पळत नाहीत. अपुऱ्याचे पुरे होणे, ही एकच गोष्ट या सगळ्यांत आहे. कधी ती तूट भरून साधते, कधी तुकडे जोडून.

आता 'मेक' बाजूला ठेवा आणि नुसत्या 'अप'चा माग काढा. ड्रिंक म्हणजे पी, ड्रिंक अप म्हणजे पिऊन टाक. ईट म्हणजे खा, ईट अप म्हणजे ताटात काही ठेवू नको. यूज अप, ड्राय अप, लॉक अप, टाय अप, सगळीकडे क्रिया शेवटाला नेण्याचे काम हा दोन अक्षरांचा शब्द करतो आहे. कोणी चालत 'अप' आले तर तो जिना चढलेला नसतो, तो जवळ आलेला असतो. तरी तेही समजण्यासारखे आहे: समोरून येणारा माणूस जवळ येईल तसा नजरेत मोठा होत जातो. असल्या गोष्टी भाषाशास्त्रज्ञांनी फार बारकाईने पाहिल्या आहेत. ड्वाइट बोलिंजर यांचे या क्रियापदांवरचे पुस्तक 1971 चे. सुसान लिंडनर यांनी 1981 मध्ये कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन डिएगो शाखेत जो प्रबंध सादर केला तो केवळ 'अप' आणि 'आउट' यांच्या जोडक्रियापदांवर होता. ज्याला तर्कच नाही त्यावर एवढा मोठा प्रबंध लिहिता आला नसता.

इथे समोरून हुकमाचे पान येते, हे मला माहीत आहे. घर 'बर्न अप' होते आणि तेच घर 'बर्न डाउन'ही होते. मग वर आणि खाली यांत फरक काय राहिला? इंग्रजीवरचा हा विनोद इंग्रजी बोलणाऱ्यांनीच जगभर पोचवला आहे. पण जरा ते वापरतात कसे ते पाहा. कागद बर्न अप होतो, डाउन होत नाही. कागद पुरता जळून संपतो, त्याला कोसळायला उंची कुठे असते? मेणबत्ती बर्न डाउन होते, कारण ती बुटकी होत जाते. घराच्या बाबतीत दोन्ही घडते: ते जळून संपते आणि जमीनदोस्तही होते. बोलणाऱ्याला यातले जे दाखवायचे असेल तो शब्द तो निवडतो. याला गोंधळ म्हणायचे असेल तर 'घर जळाले' आणि 'घर बेचिराख झाले' यांतही गोंधळच म्हणावा लागेल.

अभिमान्यांशी मला थोडे वेगळे बोलायचे आहे, कारण त्यांचा युक्तिवाद त्यांच्याच घरावर उलटतो. शाळेत संस्कृत घेतलेल्या प्रत्येकाला हृ धातूचे उदाहरण पाठ असते: आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार, उपहार. जेवण, फिरणे, मार, नाश, निरसन, भेट. एका धातूला वेगवेगळे उपसर्ग लागले आणि अर्थ गावभर पांगले. तिथे गुरुजी 'याला तर्क नाही' म्हणत नाहीत. उपसर्गाची शक्ती पाहा, म्हणतात, आणि कौतुकाने मान डोलावतात. हीच शक्ती धातूच्या पुढे न लागता मागे लागली की ती एकदम बेशिस्त कशी होते, हे मला आजवर कोणी समजावून दिलेले नाही.

बरे, उपसर्ग धातूला चिकटूनच राहिले पाहिजेत, असाही नियम सदासर्वदा नव्हता. वेदांच्या भाषेत उपसर्ग क्रियापदानंतर येऊ शकत होता, मध्ये दुसरे शब्द घालून लांबही राहू शकत होता. पाणिनीने त्यासाठी वेगळी सूत्रे केली आहेत. 'टेक इट ऑफ' म्हणताना इंग्रज माणूस क्रियापद फोडून मध्ये सर्वनाम घालतो. आपल्या विद्यार्थ्यांना ते विचित्र वाटते. पाणिनीला ते फारसे विचित्र वाटले नसते.

शिवाय या लहान शब्दांना स्वतःचा अर्थ असतो की नाही, हा वाद आपल्याकडे यास्काच्या निरुक्तातच नोंदलेला आहे. शाकटायनाचे म्हणणे असे की नामापासून किंवा क्रियापदापासून वेगळे काढले की उपसर्ग काही सांगत नाहीत. गार्ग्याचे म्हणणे असे की त्यांना अर्थ आहेत, आणि ते नाना प्रकारचे आहेत. यास्क पुढे एकेक उपसर्ग घेऊन त्याचा अर्थ सांगत जातो. आपल्या क्लासचे सर नकळत शाकटायनाच्या पक्षात आहेत, आणि मी गार्ग्याच्या. पण शाकटायनानेही 'म्हणून पाचशेची यादी पाठ करा' असा सल्ला दिला नव्हता.

संस्कृत लांब वाटत असेल तर रोजच्या मराठीत या. 'काढणे' घ्या. आपण कर्ज काढतो, चित्र काढतो, फोटो काढतो, झोप काढतो, दिवस काढतो, समजूत काढतो, खोड काढतो, मिरवणूक काढतो, दुकान काढतो, पळ काढतो आणि अंगातला सदराही काढतो. 'त्याचे नाव काढू नकोस' यात राग आहे, आणि 'आईबापांचे नाव काढलेस' यात डोळ्यांत पाणी. पुण्यात मराठी शिकायला आलेल्या एखाद्या जपानी विद्यार्थ्यासमोर ही माळ ठेवा आणि त्याला विचारू द्या, याला काही तर्क आहे का? आपण लगेच बाह्या सरसावून समजावू. अरे, आत असलेले बाहेर आणणे हे मूळ. सावकाराच्या पेटीतून पैसे बाहेर, कपाटातून सदरा बाहेर, मनातली अढी बाहेर, देवळातली पालखी रस्त्यावर. 'पळ काढणे'पाशी आपली जरा अडचण होईल. तिथे आपण चहा मागवू. पण एका 'पळ'मुळे बाकीचा सगळा अर्थ निराधार ठरला, असे आपण मान्य करणार नाही. मग इंग्रजीला हीच सवलत का नाही?

आणि 'अप'चे खरे मराठी भाऊबंद तर आणखी जवळ आहेत. 'कादंबरी वाचली', 'कादंबरी वाचून काढली', 'कादंबरी वाचून टाकली'. पहिल्यात फक्त वाचन आहे, दुसऱ्यात पहिल्या पानापासून शेवटच्या पानापर्यंतची मजल आहे, तिसऱ्यात एकदाचे उरकल्याची सुटका आहे. 'किल्ली घरी विसरलो' आणि 'किल्ली घरी विसरून बसलो' यांतल्या 'बसलो'ला खुर्चीची गरज नाही, त्यात कपाळावर मारलेला हात आहे. ज्या भाषेतले लोक टाकणे, काढणे, बसणे, जाणे यांचा असा वापर दिवसभर करतात त्यांना 'ईट अप' अनाकलनीय आहे म्हणून सांगणे हा त्यांच्या भाषाज्ञानाचा अपमान आहे. क्लासमध्ये हे साम्य कोणी सांगत नाही. तिथे मराठी बोलायला बंदी असते ना!

आता सरांचा सगळ्यात मजबूत आक्षेप, आणि तो खरोखर मजबूत आहे. ते म्हणतील, ही सगळी मागाहून जुळवलेली संगती आहे. अर्थ माहीत झाल्यावर कारण सापडते, पण 'मेक' माहीत आहे आणि 'अप' माहीत आहे एवढ्यावरून 'गोष्ट रचणे' हा अर्थ कोणी आधी ओळखून दाखवावा.

नाही ओळखता येणार. एवढ्यापुरते सर बरोबर आहेत. पण 'आधी ओळखता येत नाही' आणि 'तर्क नाही' ही दोन वेगळी विधाने आहेत. 'कर्ज' आणि 'काढणे' हे दोन्ही शब्द येत असलेला परदेशी माणूस 'कर्ज काढणे' म्हणजे घेणे की फेडणे हे खात्रीने सांगू शकणार नाही. अर्थ त्याला वाक्यातूनच मिळेल. मिळाल्यावर तो डोक्यात टिकेल की नाही, हे मात्र त्याला त्यातली संगती दिसली की नाही यावर अवलंबून राहील.

या मुद्द्यावर एक जुनी, वजनदार साक्ष आहे, आणि ती दोन्ही पक्षांना वापरता येते. सॅम्युएल जॉन्सनने 1755 च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेत या क्रियापदांचा मुद्दाम उल्लेख केला आहे. परकीयांना इंग्रजीत सर्वांत जड जाते ते हेच, असे तो म्हणतो. काही जोड्या मूळ शब्दांपासून इतक्या लांब गेल्या आहेत की त्या तिथवर कशा पोचल्या हे कितीही हुशार माणसाला शोधता येणार नाही, हेही तो कबूल करतो. सरांनी हवे तर हे वाक्य फळ्यावर लिहावे. पण मग पुढचेही लिहावे. तो सांगतो की आपण या जोड्या काळजीपूर्वक गोळा केल्या आहेत, आणि ज्या नजरचुकीने राहिल्या असतील त्या, दिलेल्यांशी ताडून पाहिल्या तर सहज उलगडतील. जिथे काही तर्कच नाही तिथे एकावरून दुसरी उलगडणार कशी?

जॉन्सनचे म्हणणे खरे होते याचा पुरावा त्याच्यानंतरच्या अडीचशे वर्षांनी दिला आहे. कॉम्प्युटर आला तेव्हा बूट अप, लॉग इन, बॅक अप हे शब्द आले आणि कोणाला त्यांची यादी पाठ करावी लागली नाही. अमेरिकेत पोलिसांनी पकडलेला माणूस वकील गाठून मगच तोंड उघडायचे ठरवतो, त्याला 'लॉयर अप' म्हणतात. वकील या नामालाच 'अप' जोडला आणि क्रियापद झाले. 2020 मध्ये साथीच्या दिवसांत 'मास्क अप' ऐकू आले. पहिल्यांदा ऐकणाऱ्या कोणी कोश उघडला नाही. 'अप'ला स्वतःचा अर्थ नसता, तर मास्कच्या मागे लागून त्याने 'पुरत्या तयारीने सज्ज हो' हे कसे सांगितले असते?

तरी काही जोड्या उरतातच, हे मी लपवत नाही. 'पुट अप विथ' म्हणजे सहन करणे. त्यातली वाट आजच्या बोलणाऱ्याला दिसत नाही. असे अवशेष प्रत्येक भाषेत असतात. आपल्याकडे पोबारा करणाऱ्याला सोंगट्यांच्या डावातले दान आठवत नाही. असले शब्द खुशाल पाठ करावेत. ते थोडे आहेत. सरांचा गुन्हा एवढाच की या थोड्यांसाठी केलेला कायदा ते सगळ्यांना लावतात.

त्या कायद्यातून तयार होणारी पुस्तके पाहिली आहेत का? अकारविल्हे 'गेट'खाली अप, अवे, अलाँग, अ‍ॅक्रॉस, ओव्हर, थ्रू, राउंड, प्रत्येकापुढे दोन शब्दांचा मराठी अर्थ आणि एक निर्जीव वाक्य. दिसायला सारखे पण अर्थाने वेगळे असे पंधरा शब्द एका दमात शिकवले की ते एकमेकांत मिसळणारच. विद्यार्थ्याचा दोष नाही, मांडणीचा आहे. याउलट मांडणी करता येते. 1989 चा कोबिल्डचा फ्रेझल व्हर्बचा कोश उघडा: त्यात नेहमीच्या नोंदींखेरीज अप, आउट, ऑफ या लहान शब्दांप्रमाणे लावलेली वेगळी सूची आहे, आणि एकेका शब्दाखाली अर्थाप्रमाणे गट पाडलेले आहेत. 'संपवणे, पुरे करणे' या गटात अप लागलेली क्रियापदे शेजारी शेजारी बसलेली दिसली की विद्यार्थी स्वतःच मान हलवतो. असे कोश इथल्या क्लासच्या टेबलावर क्वचितच दिसतात. यादीची झेरॉक्स स्वस्त पडते.

बेशिस्तीच्या आरोपाचे आणखी एक उत्तर व्याकरणात आहे, आणि ते तर सरांना यायलाच हवे. 'रॅन अप अ हिल' आणि 'रॅन अप अ बिल' ही वाक्ये कानाला जवळजवळ सारखी लागतात. पहिल्यात माणूस टेकडी चढला, दुसऱ्यात त्याने उधारी चढवली. आता नामाच्या जागी सर्वनाम घालून बघा. टेकडीसाठी 'रॅन अप इट' म्हणतात, उधारीसाठी 'रॅन इट अप'. याची अदलाबदल कोणी इंग्रज करत नाही, पाच वर्षांचे पोरही नाही. टेकडीच्या वाक्यात 'अप' टेकडीशी बांधलेला आहे, उधारीच्या वाक्यात क्रियापदाशी. एवढा काटेकोर नियम ज्या रचनेत आहे तिला बेशिस्त म्हणण्याआधी निदान तो नियम शिकवावा.

शेवटी एक तिसरा पक्ष उरतो, सोवळ्यांचा. ही क्रियापदे बोलीतली, चारचौघांत आणि लेखी इंग्रजीत शोभत नाहीत, असे त्यांचे मत. पुट ऑफ नको, पोस्टपोन लिहा. पुट अप विथ नको, टॉलरेट लिहा. या सोवळ्यातून आपण काय कमावले? मीटिंग अलीकडे घ्यायची तर इंग्रजीत 'ब्रिंग फॉरवर्ड' असे साधे जोडक्रियापद होते. आपण त्याला शिवलो नाही आणि पोस्टपोनच्या धर्तीवर 'प्रीपोन' घडवला. शब्द चांगला आहे, माझी त्याला हरकत नाही. पण ज्या जोडक्रियापदांना सोवळे लोक हलके समजतात ती समारंभातही चालतात. खडकवासल्याला राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीच्या छात्रांचे जे संचलन होते त्याचे अधिकृत नाव 'पासिंग आउट परेड' असेच आहे, आणि त्याहून शिस्तीचा प्रसंग दाखवणे कठीण आहे.

त्याच 'पास आउट'वरून आपण 'मी अमुक सालचा पासआउट' असे म्हणतो, म्हणजे पदवी घेऊन बाहेर पडलेला. इंग्लंडातल्या घरी तेच ऐकून लोक विचारतील, बरे वाटत नव्हते का? तिथे पास आउट होणे म्हणजे शुद्ध हरपणे. एकात संस्थेतून बाहेर, दुसऱ्यात शुद्धीतून बाहेर. 'आउट' दोन्हीकडे इमानाने आपले काम करतो आहे, बदलली आहे ती फक्त जागा. इथून इंग्लंडच्या रुग्णालयांत नोकरीला जाणाऱ्या परिचारिकांना याचा रोज अनुभव येतो. कॉलेजात त्यांनी 'व्हॉमिटिंग' शिकलेले असते, रुग्ण म्हणतो मी रात्रभर 'थ्रो अप' करतोय. त्यांनी 'सिन्कोपी'चे स्पेलिंग घोटलेले असते, म्हातारी आजी सांगते मी किचनमध्ये 'पास आउट' झाले. एकाला तापाची कणकण आहे, तो काहीतरी 'कमिंग डाउन विथ' म्हणतो. यातले एकही वाक्य बोलीतले म्हणून टाळता येत नाही, कारण समोरच्या आजारी माणसाकडे दुसरे वाक्य नसते.